सराव खोलीची वही : जीडीए परीक्षेची तयारी, मालवण

९ जून

परीक्षा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. जीडीए म्हणजे जनरल ड्यूटी असिस्टंट, वॉर्डात सिस्टरच्या हाताखाली रुग्णाची सेवा करणारा मदतनीस. हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलचा अभ्यासक्रम, कोड एचएसएस/क्यू५१०१. बहुपर्यायी लेखी, प्रात्यक्षिक आणि तोंडी असे तीन भाग. असेसर (परीक्षक) बाहेरून येतो, त्यामुळे "आमच्या वॉर्डात असंच करतात" हे उत्तर त्याच्यापुढे चालत नाही.

सामान तपासलं. डोक्याकडून उचलता येणारी खाट १, साधी खाट १, व्हीलचेअर १ (डावा ब्रेक सैल होता, कसून घेतला), पूर्ण देहाची डमी, सीपीआरची (छाती दाबून हृदय-श्वास चालू ठेवण्याच्या सरावाची) अर्धी डमी, काट्याचे बीपी अ‍ॅपरेटस ३. त्यातल्या एकाचा काटा हवा सोडल्यावरही शून्यावर न येता ६ वर थांबतो. त्याला लाल चिकटपट्टी लावून बाजूला ठेवला. असा अ‍ॅपरेटस सरावालाही वापरायचा नाही, कारण चुकीच्या आकड्याची सवय लागते.

आज विद्यार्थिनींना काही न शिकवता फक्त "बीपी घ्या" म्हटलं. सगळ्यांनी थेट कफ (दंडाला गुंडाळायचा हवेचा पट्टा) उचलला. मग "बेडपॅन (खाटेवरच शौच-लघवी करायचं भांडं) द्या" म्हटलं. थेट बेडपॅन उचललं. हात धुणं, नाव विचारणं, पडदा ओढणं, खाटेचा ब्रेक पाहणं, यातलं काहीच झालं नाही. मधलं काम हाताला येतंय, दोन्ही कडा मात्र सुटतायत. प्रात्यक्षिकाच्या गुणपत्रकात कडांचे गुण प्रत्येक कौशल्याला असतात, म्हणजे एकच चूक दहा वेळा कापली जाते.

भिंतीवर खडूने लिहिलं. आधी: हात, ओळख, सांगणं, पडदा, ब्रेक. नंतर: रुग्ण नीट बसला-निजला का, खाट खाली, घंटी हाताशी, हात, नोंद. उद्यापासून कुठलंही कौशल्य या दोन ओळींशिवाय सुरूही होणार नाही आणि संपणारही नाही. पाठ करून घ्यायचं नाही. प्रत्येक गोष्ट राहिली तर रुग्णाचं काय होतं ते आधी सांगायचं. कारण कळलं की क्रम आपोआप बसतो.

१० जून

ओळख. "तुम्ही परब काकी ना?" असं विचारलं की ऐकू कमी येणारी म्हातारी माणसं सरळ मान हलवतात. "तुमचं पूर्ण नाव काय?" असं विचारायचं, उत्तर रुग्णाच्या तोंडून घ्यायचं आणि मनगटावरच्या पट्टीशी ताडायचं. आपल्याकडे एका वॉर्डात दोन परब आणि तीन सावंत सहज असतात. नुसत्या आडनावाने एकीची लघवी दुसरीच्या चार्टवर चढते.

हात. साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद, सॅनिटायझरने २० ते ३० सेकंद, ही जागतिक आरोग्य संघटनेची पद्धत. खोबरेल तेलात हळद कालवून ती सगळ्यांच्या हातांना चोळली आणि डोळे मिटून हात धुवायला सांगितलं. पिवळं कुठे राहिलं ते पाहा म्हटलं. अंगठ्याचं मूळ, बोटांची टोकं, नखांच्या कडा. बहुतेकींच्या त्याच जागा निघाल्या. अंगठा दुसऱ्या मुठीत धरून गोल फिरवणं ही पायरी सुटते म्हणून अंगठा राहतो.

बांगड्यांचा विषय आज स्पष्ट बोलून घेतला. काचेच्या बांगड्यांखाली साबण पोचत नाही, मनगट धुतलं जात नाही आणि स्पंजिंग करताना बांगडी फुटली तर रुग्णाला लागते. कामाच्या वेळी मनगट मोकळं हवं. घरी सासूबाईंना हे पटवणं सोपं नाही याची जाणीव आहे. तरी परीक्षेच्या दिवशी बांगड्या, अंगठी, घड्याळ मनगटावर नको. सेकंदकाटा असलेलं घड्याळ पिनेने खिशाला लावायचं. मंगळसूत्र युनिफॉर्मच्या आत.

१३ जून

टीपीआर, म्हणजे तापमान, नाडी, श्वास. थर्मामीटर काखेत ठेवण्याआधी घाम टिपून घ्यायचा, चोळायचा नाही. चोळल्याने कातडी गरम होऊन आकडा वर जातो आणि ओली काख आकडा खाली आणते. या हवेत काख कोरडी मिळतच नाही, त्यामुळे टिपण्याची पायरी इथे कधीच सोडता येत नाही. काखेतलं तापमान तोंडातल्यापेक्षा साधारण अर्धा अंश सेल्सियस कमी येतं, म्हणून आकड्याशेजारी "काख" असं लिहायचं.

नाडी अंगठ्याने बघायची नाही. अंगठ्याला स्वतःचे ठोके असतात आणि आपलेच मोजले जातात. लय अनियमित वाटली तर पूर्ण मिनिट. श्वास मोजताना रुग्णाला सांगायचं नाही. नाडीची बोटं तशीच मनगटावर ठेवून नजर छातीकडे वळवायची, पूर्ण मिनिट. "आता श्वास मोजते हां" म्हटलं की माणूस श्वास धरतो किंवा ओढतो. मोठ्या माणसाची नाडी ६० ते १००, श्वास १२ ते २०.

१५ जून

आख्खा दिवस बीपी. इथे सगळ्यात जास्त वेळ द्यायचा ठरवलं आणि तो पुरला नाही.

सुरुवात टेपने. दंडाच्या मध्यावर घेर मोजायचा. २७ ते ३४ सेंमीला नेहमीचा कफ, २२ ते २६ ला लहान, ३५ ते ४४ ला मोठा. शेतात राबलेल्या आजींचे दंड अनेकदा इतके बारीक असतात की नेहमीच्या कफाच्या मापात बसत नाहीत. त्यांना नेहमीचा कफ गुंडाळला की बीपी आहे त्यापेक्षा कमी दिसतो. जाड दंडाला तोच कफ लावला की जास्त दिसतो. दोन्हीकडे नुकसान रुग्णाचं: एकीची गोळी राहून जाते, दुसरीला नको ती सुरू होते. लहान कफ एकच आहे, अजून एक मागवायचा.

रुग्ण पाच मिनिटं शांत बसलेला, पाठ टेकलेली, पावलं जमिनीला, पायावर पाय नाही. अर्ध्या तासात चहा-कॉफी, तंबाखू-मिश्री झालेली नाही हे विचारून घ्यायचं. लघवी लागली असेल तर आधी जाऊन येऊ द्यायचं. दंड हृदयाच्या पातळीला. हात १० सेंमी खाली लोंबला तर आकडा साधारण ८ मिमीने (पाऱ्याच्या मिमीने) वाढतो, म्हणून हाताखाली उशी. रुग्णाने स्वतः हात वर धरून ठेवायचा नाही, स्नायू ताणल्याने बीपी चढतो.

कफाची खालची कड कोपराच्या घडीच्या २ ते ३ सेंमी वर. झंपराच्या बाहीवरून कफ नाही, आणि बाही वर सरकवून तिचा दंडाला फास बसत असेल तर हात बाहेर काढायचा. पडदा त्यासाठीच ओढलेला असतो. आधी मनगटाची नाडी धरून हवा भरायची. नाडी गेली तो आकडा लक्षात ठेवायचा आणि हवा पूर्ण सोडायची. मिनिटभराने पुन्हा भरताना त्या आकड्याच्या ३० वर. ही पायरी "वेळखाऊ" म्हणून गाळली जाते. पण काही रुग्णांत आवाज मधेच थांबून पुन्हा सुरू होतात. अंदाजाने कमी हवा भरली तर तो मधला शांत टप्पा निघून गेल्यावरचा आवाजच पहिला वाटतो आणि वरचा आकडा बराच खाली लिहिला जातो.

स्टेथोची तोंडं कानात नाकाच्या दिशेने वळलेली. चकती कोपराच्या घडीत करंगळीच्या बाजूला, कफाच्या खाली खुपसायची नाही. हवा सेकंदाला २ मिमीने. भरकन सोडली की वरचा आकडा कमी आणि खालचा जास्त येतो. पहिला ठोका वरचा, आवाज पूर्ण थांबला तो खालचा.

डायलवर रेघा २-२ मिमीच्या आहेत. आज तीन नोंदींत १२५, ११७, ८३ असे आकडे आले. या डायलवर विषम आकडा वाचताच येत नाही. असेसरने अशी नोंद पाहिली की त्याला कळतं की आकडा वाचलेला नाही, ठरवलेला आहे. ऐकू आलं नाही तर "ऐकू आलं नाही, पुन्हा घेते" म्हणायचं. त्याने रुग्णाचं काही बिघडत नाही, खोट्या आकड्याने बिघडतं.

डायलिसिसचा फिस्टुला (त्यासाठी जोडलेल्या रक्तवाहिन्या) असलेला हात, स्तनाची शस्त्रक्रिया झालेली बाजू, सलाईन चालू असलेला हात, या हातांवर बीपी नाही. रुग्णाला विचारायचं आणि हात डोळ्यांनी पाहायचा.

२० जून

पाऊस लागलाय. चादरी दोन दिवस वाळत नाहीत, हाताला ओलसर लागतात. ओलसर चादर खाटेवर घालायची नाही. पाठीची कातडी भिजून मऊ पडते आणि लगेच सोलते. इस्त्री फिरवूनच घेतल्या.

खाट आवरणं. कोपऱ्यापासून साधारण ३० सेंमीवर चादरीची कड उचलायची, त्रिकोण गादीवर आडवा ठेवायचा, खाली लोंबणारा भाग खोचायचा, त्रिकोण खाली आणून पुन्हा खोचायचा. ४५ अंशाची घडी दिसते. कोपरा सुंदर येतो पण मधे सुरकुती राहते. सुरकुतीवर माकडहाड आलं की तिथेच लाल होतं. मॅकिन्टॉश (रबरी चादर) उघडा कधीच नाही, वर ड्रॉ शीट (आडवी कापडी चादर) हवीच. मळकी चादर झटकायची नाही, जमिनीवर टाकायची नाही, अंगाशी धरायची नाही.

रुग्ण खाटेवर असताना चादर बदलताना पलीकडचा कठडा वर. तो खाली असताना कुस वळवली की पडण्याची दिशा ठरलेलीच आहे.

२५ जून

आयओ चार्ट, म्हणजे रुग्णाच्या पोटात किती पातळ गेलं आणि बाहेर किती आलं याची नोंद. लेखीतही येतो, प्रात्यक्षिकातही.

मराठी घरात मिली कुणी बोलत नाही. पेला, फुलपात्र, वाटी, कप बोलतात. म्हणून आज सगळ्यांना घरची भांडी आणायला सांगितली आणि मोजपात्राने पाणी ओतून प्रत्येक भांड्याच्या तळाला चिकटपट्टीवर मिली लिहिले. फुलपात्रं १५० पासून २५० पर्यंत निघाली. "एक फुलपात्र पाणी" ही नोंद का चालत नाही ते सांगावं लागलं नाही. भांडं काठोकाठ कोणी भरत नाही, म्हणून माप नेहमी भरतात त्या रेषेपर्यंत घ्यायचं. आणि दिलेलं नव्हे, प्यायलेलं लिहायचं: दिलं वजा उरलं.

पातळ ते सगळं आत: पाणी, चहा, ताक, सोलकढी, शहाळं, सूप, नळीने दिलेलं खाणं, सलाईन. बर्फ निम्मा धरायचा, १०० मिली बर्फाचं ५० मिली पाणी. पेजेवर वाद झाला. ठरवलं असं की पेज गाळून पाण्याचा भाग मोजायचा आणि शेऱ्यात "पेज, शितांसह" असं लिहायचं. बाहेर: लघवी, उलटी, पातळ शौच, निचरा नळीतलं. बेडपॅनमध्ये कागद टाकू नका असं आधीच सांगायचं, नाहीतर कागद लघवी शोषतो आणि माप चुकतं.

लघवीच्या पिशवीवरच्या रेघा ढोबळ असतात. मोजपात्रात काढून, सपाट जागेवर ठेवून, डोळे पातळीला आणून वाचायचं. पिशवी मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला टेकलेली नाही. वर उचलली की लघवी उलटी जाते आणि सोबत जंतू जातात. व्हीलचेअरवर नेताना हँडलला पिशवी अडकवलेली दिसते, ती चूक याच कारणाने.

गणित. चहा १५०, पाणी २०० मिलीचे तीन पेले, पेजेचं पाणी ३००, सलाईन ५००. लघवी ३५०, २८०, ४२०. उलटी १५०. आत १५५०, बाहेर १२००, शिल्लक अधिक ३५०. दोन जणींनी उलटी धरली नाही.

आत्ताच्या दिवसांत हा चार्ट जास्तच महत्त्वाचा आहे. भातलावणीत चिखलात उभं राहून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, दूषित चिखल-पाण्यातून होणारा ताप) झालेले रुग्ण याच महिन्यांत येतात आणि लेप्टो मूत्रपिंडावर जातो. लघवी तासाला ३० मिलीच्या खाली आली तर ड्यूटी संपण्याची वाट न पाहता लगेच सिस्टरना सांगायचं. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली तर तेही. चार्ट भरला आणि सांगितलंच नाही, तर चार्टचा उपयोग काय?

मूत्रपिंडाचा रुग्ण असेल आणि घरच्यांनी प्रेमाने शहाळं आणलं, तर ते आधी सिस्टरना विचारल्याशिवाय द्यायचं नाही. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं. सुकी मासळी, लोणचं हे मिठाच्या पथ्यासाठी तसंच. नातेवाइकांवर ओरडायचं नाही. त्यांना हे कुणी सांगितलेलंच नसतं.

२ जुलै

खाटेवरून व्हीलचेअरवर. उदाहरण: डावी बाजू लुळी. खुर्ची उजव्या, म्हणजे चांगल्या बाजूला, खाटेशी ३० ते ४५ अंशांत. खाटेचे ब्रेक, खुर्चीचे दोन्ही ब्रेक, फूटरेस्ट (पाय ठेवायच्या पट्ट्या) वर. खाटेच्या कडेला पाय सोडून एक-दोन मिनिटं बसवायचं आणि "गरगरतंय का?" विचारायचं, निजलेला माणूस एकदम उठला की बीपी उतरतो. पायात न घसरणारी चप्पल. कमरेला पट्टा. आपले पाय फाकलेले, गुडघे वाकलेले, पाठ सरळ. तीनपर्यंत मोजून एकत्र उठायचं, चांगल्या पायावर वळायचं, खुर्ची मांड्यांच्या मागे लागली की बसवायचं.

लुळ्या हाताला किंवा काखेत धरून ओढायचं नाही. त्या खांद्याला स्नायूंचा आधार नसतो, सांधा निसटतो. कपड्यांचंही यातच: घालताना लुळा हात आधी, काढताना चांगला हात आधी.

फूटरेस्ट आज सात वेळा खाली राहिला. खाली राहिला की रुग्ण त्यावर पाय ठेवून उभा राहतो आणि खुर्ची पुढे उलटते.

७ जुलै

स्पंजिंग. पाणी ४० ते ४३ अंश, मनगटाच्या आतल्या बाजूने तपासून. डोळे साबणाशिवाय, नाकाकडून कानाकडे, प्रत्येक डोळ्याला कापडाचा वेगळा कोपरा. मग चेहरा, मान, हात, छाती, पोट, पाय, पाठ. गुप्तांगाआधी पाणी आणि कापड बदलायचं, पुसणं पुढून मागे. जेवढा भाग धुतोय तेवढाच उघडा.

या हवेत घड्या बघायच्या: स्तनांखाली, जांघेत, पोटाच्या वळीत, पायांच्या बोटांत. टिपून कोरडं करायचं, घासायचं नाही. पावडरीचा थर देऊ नका. घामाने तिचे गोळे होतात आणि तेच टोचतात. लाल, ओलसर, खाजणारा पट्टा दिसला तर बुरशी असू शकते, सिस्टरना दाखवायचा.

पाठ धुताना माकडहाड, टाचा, खुबे, कोपर, खांद्याची पाती, डोक्याची मागची बाजू. लाल जागा बोटाने दाबून सोडायची. पांढरी होऊन परत लाल झाली तर दाब काढून वाचवता येते. लालच राहिली तर दाबजखमेची सुरुवात. तिथे खोबरेल तेल चोळायची घरोघरी सवय आहे; चोळल्याने आतल्या पेशी आणखी तुटतात. कुस दर दोन तासांनी, टाच उशीने अधांतरी.

१२ जुलै

कचरा आणि हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, जंतुनाशक). २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे: रक्ताळलेला कापूस, ड्रेसिंग, मुदत संपलेली औषधं पिवळ्या पिशवीत. सलाईन सेट, कॅथेटर, रिकामी केलेली लघवीची पिशवी, हातमोजे, सुईशिवायची सिरिंज लाल पिशवीत. सुया, ब्लेड पांढऱ्या न भोसकणाऱ्या डब्यात. काचेच्या बाटल्या, अँप्यूल निळ्यात. फसवा प्रश्न इन्सुलिन सिरिंजचा: सुई जोडलेलीच असते, म्हणून अख्खी पांढऱ्यात. टोपण परत लावायचं नाही. कचरा ४८ तासांपेक्षा जास्त साठवायचा नाही.

१ टक्का हायपो: बाटली ५ टक्क्यांची असेल तर २०० मिलीत ८०० पाणी, १० टक्क्यांची असेल तर १०० मिलीत ९००. लेबल वाचून मगच गणित. रोज ताजं, झाकून, उजेडापासून दूर. संडास साफ करायच्या अ‍ॅसिडमध्ये मिसळायचं नाही, क्लोरीन वायू सुटतो.

सुई टोचली तर पिळायचं नाही, साबण-पाण्याने धुवायचं, लगेच कळवायचं. एचआयव्ही प्रतिबंधाची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी.

१९ जुलै

सीपीआर. हाक, खांद्याला थाप, मदत बोलवा, १०८, श्वास आहे का ते १० सेकंदांत. छातीच्या हाडाचा खालचा अर्धा भाग, ५ ते ६ सेंमी खोल, मिनिटाला १०० ते १२०, ३० दाब आणि २ श्वास. गादीवर दाब गादीतच जातो. पाठीखाली फळी किंवा जमीन हवी. दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. दमल्यावर खोली आधी कमी होते आणि करणाऱ्याला ते कळत नाही. दाबल्यावर छाती पूर्ण वर येऊ द्यायची, तेव्हाच हृदय भरतं.

२४ जुलै

तोंडी. सगळ्यात जास्त चुका हद्दीच्या, म्हणजे आपलं काम कुठपर्यंत या प्रश्नांवर. सलाईन संपत आलंय, सिस्टर दुसऱ्या रुग्णाजवळ आहेत, काय कराल? "काढून टाकू" हे चूक, "दुसरी बाटली लावू" हेही चूक. सिस्टरना कळवायचं, रुग्णाजवळ थांबायचं. ऑक्सिजनचा आकडा आपण फिरवायचा नाही. औषध, इंजेक्शन, राईल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) घालणं आपलं काम नाही. "मला ते करण्याची परवानगी नाही, मी सिस्टरना सांगते" हे ठाम वाक्य पूर्ण गुणांचं उत्तर आहे.

रुग्णाची तक्रार त्याच्याच शब्दांत लिहायची. "माका गरगरता" म्हणाला तर अवतरणात तेच, पुढे वेळ. "बीपी कमी झालाय" हा आपला अंदाज झाला, तो नोंदीत नको.

३० जुलै

पूर्ण सराव परीक्षा. अकराला लाइट गेली, पंखा बंद, हातमोजे घामाने चढेनात. हात पूर्ण सुकल्याशिवाय मोजे घालायचे नाहीत, फाटतात. पीपीई (संरक्षक पोशाख) काढताना एकीने मास्क आधी ओढला. क्रम: मोजे, गॉगल, गाऊन, शेवटी मास्क, आणि हात.

भिंतीवरच्या दोन ओळी पुसून टाकल्या होत्या. बहुतेकींनी न बघता केल्या. घंटी हाताशी द्यायची मात्र चौघी विसरल्या. मग त्याच खाटेवर त्यांना निजवून घंटी लांब ठेवली आणि पाच मिनिटं थांबायला लावलं.

१ ऑगस्ट

पिशवी: आधार कार्ड, प्रवेशपत्र, निळं पेन दोन, सेकंदकाट्याचं घड्याळ, रुमाल, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला इस्त्रीचा युनिफॉर्म. अंगावरचा एसटीत भिजणारच, तिथे जाऊन बदलायचा. नखं आज रात्रीच कापायची. वेळेवर पोचवणाऱ्या गाडीच्या आधीची गाडी पकडायची.

लहान कफ अजून आलेला नाही, दुकानात पुन्हा फोन करायचा. दोघींचा फूटरेस्ट अजून खाली राहतो. उद्या सकाळी सातला खोली उघडी असेल, व्हीलचेअर फक्त त्या दोघींसाठी.